रडारजवळचा माणूस

"ताई, प्रदर्शनाला नारळ कशाला?"

गेटवरच्या सिक्युरिटीवाल्यानं काकूच्या पिशवीतून नारळ काढून टेबलावर ठेवला. आमच्या मागं लांबच लांब रांग होती आणि रांगेतला प्रत्येक जण माना उंच करून बघत होता.

"असावा जवळ," काकू म्हणाली.

मग त्यानं टॉवेल-टोपी बाहेर काढली. "आणि हे?"

"ऊन किती हाय बघा की. माणसांना डोक्याला काहीतरी नको का?"

मग पोह्यांचा डबा निघाला, बेसनाच्या लाडवांचा डबा निघाला, हिरवा खण निघाला आणि तळाशी हळद-कुंकवाचा करंडा. त्यानं एकदा त्या पसाऱ्याकडं पाहिलं, एकदा माझ्या काठपदराच्या साडीकडं आणि गजऱ्याकडं पाहिलं, आणि त्याला सगळं कळलं. "खाण्याचं आत नेता येत नाही," तो हसू दाबत म्हणाला. "नारळ तर अजिबातच नाही. इथं ठेवा, जाताना घेऊन जा. आणि ताई, बेस्ट लक."

धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं मला झालं.

आम्ही बार्शीहून पहाटे गाडी करून पुण्याजवळ मोशीला आलो होतो ते सैन्याच्या शस्त्रास्त्रांचं प्रदर्शन बघायला, असं आमचं अधिकृत म्हणणं होतं. खरं म्हणजे आम्ही मुलगा बघायला आलो होतो. परांड्याच्या शेळवण्यांचा औदुंबर, सैन्यात नाईक, हवाई संरक्षणाच्या रेजिमेंटमध्ये. तो सुट्टीवर यायचा होता आणि आमच्या घरी रीतसर कार्यक्रम व्हायचा होता. पण ऐनवेळी त्याची सुट्टी रद्द झाली. त्यांच्या तुकडीची क्षेपणास्त्रं नि रडार या प्रदर्शनात मांडायचं ठरलं आणि ते लोकांना समजावून सांगायला माणसं हवी होती. त्याचे भास्करमामा फोनवर म्हणाले, "पोरगा तिथं दिवसभर उभाच हाय. तुम्हीच या की बघायला."

झालं. आमच्या घरात महाभारत. मुलाकडच्यांनी यायचं, पोहे खायचे आणि नावं ठेवून जायचं, ही रीत. मुलीलाच नटवून मुलाच्या दारात न्यायचं म्हणजे आमच्याकडं नाक कापून हातात घेण्यासारखं. शेवटी काकूनं तोड काढली. "आपण स्थळ बघायला जायचंच न्हाई. आपण प्रदर्शन बघायला जायचं. तिथं योगायोगानं पोरगा भेटला तर भेटला." या योगायोगासाठी तिनं पहाटे उठून पाच माणसांचे पोहे केले होते.

माझी आई मी लहान असतानाच गेली, तेव्हापासून मला काकूनंच वाढवलं. वडील, म्हणजे आमचे आप्पा, एसटीत वाहतूक नियंत्रक होते. जन्मभर बार्शीच्या स्टँडवर माइकवरून गाड्या पुकारून त्यांचा आवाज असा झाला होता की घरात साधं पाणी मागितलं तरी शेजारचे बाहेर येत. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करत होते.

आणि हे माझं शेवटचं स्थळ होतं. म्हणजे आप्पांनी तसं जाहीर केलं होतं. आधीच्या एकानं नगरपालिकेत कायम आहे म्हणून सांगितलं, तो कंत्राटी निघाला. दुसऱ्याचं आधी एकदा साखरपुड्यापर्यंत जाऊन मोडलं होतं, ते आम्हाला न्हाव्याकडून कळलं. वैरागच्या तिसऱ्यानं स्वतःचं मेडिकलचं दुकान दाखवलं. दुकान मेव्हण्याचं होतं, हा तिथं गोळ्या मोजून द्यायचा. तरी आप्पांना तो वैरागचा पसंत होता. "दुकान कुणाचं का असंना, सावलीत बसतोय ना?" असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, मला काळा चालेल, ठेंगणा चालेल, गरीब चालेल, पण खोटारडा नको. आप्पा भडकले. "बैलबाजारात कुणी आपल्या बैलाची खोड सांगतं का? हे बघ माला, आज नाही म्हणालीस तर सोमवारी मी वैरागला होकार कळवणार."

अशा मनःस्थितीत मी उंच टाचांच्या चपला घालून त्या मैदानावरच्या खडीतून चालत होते. बरं, सरळ जायचं तर तेही नाही. हवाई संरक्षणाचा विभाग मैदानाच्या पार शेवटच्या टोकाला होता, आणि काकूचा हुकूम होता की एकदम तिकडं जायचं नाही, लोक काय म्हणतील. कोण लोक? तिथं आम्हाला ओळखणारं चिटपाखरू नव्हतं. पण नाही. आम्ही पहिल्या रणगाड्यापासून सुरुवात केली. आप्पांनी प्रत्येक फलक मोठ्यानं, स्टँडवरच्या आवाजात वाचला. पूल टाकणाऱ्या गाडीपाशी काकूनं विचारलं की ही भाड्यानं मिळते का, आमच्या ओढ्यावर पाहिजे होती. एका तोफेसमोर एका कुटुंबानं माझ्या हातात मोबाईल देऊन स्वतःचे फोटो काढून घेतले, वर "जरा वाकून काढा की" म्हणून सूचना दिली. माझी टाच सोलली होती. गजरा मानेवर आला होता.

निम्म्या मैदानात भास्करमामा गाठ पडले. सफारी, काळा चष्मा, हातात चाव्यांचा जुडगा. आम्हाला बघून त्यांनी दोन्ही हात पसरले आणि ओरडले, "अरे वा! आप्पासाहेब! तुम्ही इथं कसे काय?"

सकाळपासून या माणसाचे चार फोन येऊन गेले होते. 'भिगवण ओलांडलं का' आणि 'गाडी कुठल्या पार्किंगला लावली', हे सगळं विचारून झालं होतं.

"आलो सहज, प्रदर्शन बघायला," आप्पा म्हणाले.

"काय योगायोग बघा! आमचा भाचाही इथंच हाय."

"हो का?" काकूनं डोळे मोठे केले.

मी आकाशाकडं बघितलं. दुसरं काय करणार?

शेवटी एकदाचे आम्ही त्या टोकाला पोहोचलो. एका अवजड गाडीवर क्षेपणास्त्रं तिरकी, आभाळाकडं तोंड करून ठेवलेली. शेजारी जुनी, लांब नळीची विमान पाडायची तोफ, आणि तिच्या सीटवर बसायला शाळेच्या पोरांची ढकलाढकली. आणि जरा बाजूला एक ट्रक. त्याच्या माथ्यावर मोठ्या पाटासारखा सपाट अँटेना हळूहळू गोल फिरत होता. तिथं गर्दी कमी होती, कारण त्यात फोटो काढण्यासारखं काही नव्हतं. त्या ट्रकपाशी, हातात छडी घेऊन, तो उभा होता.

सावळा, किरकोळ, कान जरा बाहेर आलेले. छडी अँटेनाकडं करून तो पाठ केलेलं म्हणत होता, "यह रडार दुश्मन के हवाई जहाज को दूर से पकड़ता है..." आम्हाला बघितल्यावर त्याचे ते कान लाल झाले. पण बोलणं थांबलं नाही.

"सगळं हेच चालवतो बरं का," मामा म्हणाले. त्यांचा हात क्षेपणास्त्रांपासून तोफेपर्यंत सगळ्यावरून फिरला. "बटण दाबलं की विमान खाली."

"किती पाडली आजवर?" आप्पांनी विचारलं.

"मोजलीत कुणी?" मामा म्हणाले.

तेवढ्यात गोंधळ झाला. काकू कधी सटकली कळलं नाही. पिशवी गेटवर ठेवली, पण करंडा तिनं कमरेला खोचून आत आणला होता. क्षेपणास्त्राच्या गाडीच्या चाकाला तिनं हळद-कुंकू लावलं आणि हात जोडले. नव्या ट्रॅक्टरला लावतात तसंच. मिशीवाले सुभेदारसाहेब तावातावानं धावत आले. "अरे माताजी! यह क्या कर रही हैं?"

"काही नाही, भाऊ. लोखंडाला नजर लागत न्हाई का?"

सुभेदारसाहेब हरियाणाचे. त्यांना शब्द कळले नसतील, पण माझी साडी, काकूचा करंडा आणि आपल्या जवानाचे लाल कान, एवढ्यावरून त्यांनीही ओळखलं. त्या दिवशी ओळखलं नाही असा एक माणूस मैदानावर उरला नसेल. त्यांनी मिशीतल्या मिशीत हसून मामांना बाजूला घेतलं आणि निर्णय दिला. ड्यूटीवरच्या जवानाशी घरगुती बोलणं चालणार नाही. पण पब्लिक सवाल विचारू शकते, आणि जवान जवाब देईल. सवाल फक्त सामानाबद्दल.

म्हणजे माझा बघण्याचा कार्यक्रम रडारवरच्या प्रश्नोत्तरांत उरकायचा होता. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

आप्पांनी घसा साफ केला. "हे यंत्र किती लांबचं बघतं?"

"लई लांबचं," मामा म्हणाले.

"याला शिकायला किती वर्षं लागतात?"

"हुशार लागतो माणूस," मामा म्हणाले. "आमचा दहावीला गणितात पहिला होता."

"चालवताना धूळ, ऊन?"

"छे! आत एसी हाय."

नवरामुलगा छडी घेऊन उभा, प्रश्न त्याला, आणि उत्तरं मामांची. प्रत्येक वेळी तो तोंड उघडायचा आणि मामा त्यात शिरायचे. आता भोवती माणसं जमायला लागली होती. रडारपेक्षा आमची गंमत जास्त होती. मागून कुणीतरी म्हणालं, "होऊन जाऊ द्या, ताई!" आणि पोरं फिदीफिदी हसली. मी त्याच्याकडं रागानं बघितलं. अरे बाबा, तू तरी बोल. सैन्यात आहेस ना?

मग आप्पांनी तो प्रश्न विचारला. त्यासाठीच ते एवढ्या लांब आले होते. आवाज नेहमीचा नव्हता, जरा खाली आला होता. "समजा, लढाई लागली. तर हे सगळं कुठं असतं? पुढं का मागं?"

"मागं!" मामांनी हात झटकला. "पार मागं. पुढं जायचं ते पायदळानं. यांचं सगळं यंत्रावर. गाडीत बसायचं, पडद्यावर बघायचं. तुमच्या कंट्रोल केबिनसारखंच समजा."

आप्पांचा चेहरा सैल झाला. "म्हणजे हापिसासारखंच की," ते म्हणाले आणि त्यांनी काकूकडं बघितलं. काकूनं मान हलवली. झालं होतं. दोघांच्या मनानं होकार दिला होता. मला कुणी विचारलं नव्हतं.

मी त्या ट्रकवर फिरणाऱ्या पाटाकडं बघत होते. माझं काम असं की, सुई टोचल्याशिवाय रक्त कळत नाही. तसं या यंत्रालाही लांबचं बघायचं तर विमानाकडं काहीतरी सोडावं लागणार, पाठवावं लागणार. मी विचारलं, "हे चालू असलं की वरच्या विमानाला ते कळतं का?"

तो पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघत होता. मामा काहीतरी बोलायला गेले. या वेळी त्यानं वाट बघितली नाही.

"कळतं, मॅडम."

"मग ते काय करतं?"

"आधी हेच उडवायला बघतं. आमचे डोळे गेले की पुढचं सगळं त्याला सोपं."

"आणि तेव्हा तुम्ही कुठं असता?"

त्यानं छडी खाली केली. "याच्याजवळच असतो की. दुसरीकडं कुठं असणार?"

पोरं हसायची थांबली. मामा मात्र मोठ्यानं हसले. "गंमत करतोय, आप्पासाहेब! लहानपणापासून असाच हाय—"

"गंमत नाही, मामा," तो म्हणाला.

"शेळवणे," सुभेदारसाहेब हळूच म्हणाले, "पब्लिक को डराना नहीं।"

आप्पा वळले. "चला."

ते चालायला लागले ते थेट. मघाशी प्रत्येक फलक वाचणारा माणूस आता रणगाड्याकडंही बघेना. मामा मागं धावले, त्यांचा हात धरून, विनवून त्यांना पुन्हा ट्रकपाशी घेऊन आले. "आवं, ऐका तरी! दोन वर्षांत त्याची बदली हापिसात होणार हाय. कागद वर गेलेत. विचारा त्याला. औद्या, सांग!"

आता काय राहिलं होतं? नुसती मान हलवायची होती. एवढीच, जरा खाली, जरा वर. मामांनी दोर सोडला होता, यानं फक्त धरायचा होता. आप्पांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं की त्यांनाही ते ऐकायचंच आहे. सगळे त्याच्या मानेकडं बघत होते.

"मी बदली मागितलेली नाही," तो म्हणाला.

"मागणार का?" आप्पा.

"नाही, काका. मला हेच काम येतं."

मामांनी कपाळावर हात मारला. आणि खोटं का सांगू, माझंही टाळकं फिरलं. अरे शहाण्या! एक मान हलवली असतीस तर काय आभाळ कोसळणार होतं? मला सोमवारी वैरागच्या गळ्यात बांधणार आहेत आणि तू इथं हरिश्चंद्र होतोस? मला हवा होता तसाच माणूस समोर उभा होता, आणि त्याच्या कानाखाली वाजवावी असं मला वाटत होतं.

आप्पा गेले. काकू त्यांच्यामागं, पदरानं तोंड पुसत. मी हललेच नाही. सुभेदारसाहेबांनी माझ्याकडं बघितलं, मग घड्याळाकडं बघितलं, आणि म्हणाले, "शेळवणे, पानी पी के आ।"

ट्रकच्या मागं पाण्याचा पिंप होता. त्यानं ग्लास भरून आधी मला दिला.

"का सांगितलं तुम्ही?" मी विचारलं. रागानंच विचारलं.

"तुम्ही विचारलं म्हणून."

"विचारलं म्हणून सगळं सांगायचं असतं?"

त्यानं स्वतःचा ग्लास भरला. "दुसरं कुणी विचारतच नाही. किती लांबचं बघतं, केवढ्याला पडतं, आणि फोटो काढू का. तुम्ही बरोबर विचारलं. मग खोटं सांगून कसं चालेल?" मग तो म्हणाला, "तुम्ही लॅबमध्ये आहात ना? रिपोर्ट वाईट असला आणि पेशंटनं विचारलं तर तुम्ही काय सांगता?"

"डॉक्टरांना भेटा म्हणून सांगते."

"म्हणजे खोटं नाही बोलत."

"नाही."

"मग झालं," तो म्हणाला. आणि घाईघाईनं पाणी प्यायला, कारण सुभेदारसाहेबांनी हाक मारली होती. जाता जाता वळला. "तुमच्या टाचेला लागलंय. चपला काढा आणि अनवाणी जा. कडेनं गवत आहे."

गोड बोलायला एवढाच वेळ मिळाला होता त्याला, आणि तो त्यानं माझ्या टाचेवर घालवला. मी चपला हातात घेऊन गवतातून गेटपर्यंत आले.

आम्ही गाडीत बसून बार्शीच्या वाटेला लागलो. गेटवरून परत घेतलेला नारळ काकूच्या मांडीवर. भिगवण मागं पडल्यावर मी म्हटलं, "आप्पा, मला पसंत आहे."

"तुझं डोकं ठिकाणावर आहे का?" त्यांच्या आवाजानं ड्रायव्हर दचकला. "तो स्वतःच्या तोंडानं सांगतोय की विमान आधी त्याच्यावर येतं!"

"म्हणूनच."

"खरं बोलला म्हणून नवरा करायचा? खरं तर यमही बोलतो! अगं, मी जन्म काढला स्टँडवर. गाडी कुठं पंक्चर झालीय ते मला माहीत नसायचं, तरी माइकवरून सांगायचो, दहा मिनिटांत येतीय. लोक थांबायचे. शेंगा खायचे, पोरांना झोपवायचे. खरं सांगितलं असतं तर केबिन जाळली असती लोकांनी. खोट्यावरच चालतं जग! वैरागचा थोडं खोटं बोलला असंल, पण रात्री घरी येईल. मला एवढंच पाहिजे. उद्या कोणी डोक्याला पांढरा रुमाल बांधून, वाईट निरोप घेऊन दारात—" आणि ते थांबले. त्यांनी काच खाली केली आणि बाहेर बघत बसले.

त्यांचा राग मला समजला. पण माझाही कमी नव्हता. "आप्पा, मला रात्री घरी येणारा नकोय. मला—"

"भावजी," काकू म्हणाली.

ती सहसा आप्पांच्या बोलण्यात पडत नसे. नारळाच्या शेंडीशी खेळत, मान खाली घालूनच ती बोलली.

"मला बघायला आला होता तवा तुमच्या आईनं सांगितलं, आमचं धाकटं पोरगं सुपारीचं खांडसुद्धा तोंडात घालत न्हाई. माझ्या बापाला लई बरं वाटलं. तुम्ही शेजारीच बसला होता."

काका दारूनं गेला. तो लग्नाच्या आधीपासूनच प्यायचा, हे मला त्या दिवशी गाडीत कळलं. आप्पा काचेबाहेरच बघत राहिले. इंदापूर आलं, गेलं. त्यांनी मागं वळून बघितलंच नाही. टेंभुर्णीच्या पुढं ते ड्रायव्हरला म्हणाले, "जरा कडेला घे. फोन लावायचाय." उतरून ते बाभळीखाली गेले, पण त्यांचा आवाज काय, गाडीत सगळं ऐकू येत होतं. "भास्करराव? हां. मुलीला पसंत आहे. मला नाही. पण लग्न तिचं आहे."

लग्न झालं. आणि मी काय मागून घेतलं होतं ते मला कळायला लागलं.

हा माणूस आता निवृत्त होऊन घरी आहे आणि रोज जेवताना मीठ कमी असलं की मीठ कमी आहे म्हणतो. नवी साडी नेसून पुढं गेले तर, "ही तुला नाही शोभत." आमच्या डॉक्टरांना त्यानं तोंडावर सांगितलं की तुमच्या वेटिंग रूमला वास येतो. माझ्या मावसबहिणीच्या नवऱ्यानं फ्लॅट दाखवला, तर हा म्हणाला, भिंतीला ओल आहे, फसलात. माझी नातेवाईक मंडळी आम्हाला कार्यक्रमाला बोलवताना दहादा विचार करतात. किती वेळा सांगितलं, अरे, गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. तर म्हणतो, "त्यांनी विचारलं ना?" पोस्टिंगवर असतानाही तसंच. फोनवर काळजीनं विचारावं, थंडी आहे का, तर म्हणायचा, "लई आहे. बोटं चालत नाहीत." एखाद्या बाईनं अशानं झोपावं कसं? पण मी झोपायचे. कारण तो 'बरं आहे' म्हणाला की ते बरंच असायचं, आणि तेवढ्यावर मी पुढचे आठ दिवस काढायचे.

एकदा मात्र उन्हाळ्यात सीमेवर वातावरण तंग झालं. सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द झाल्या. टीव्हीवर नकाशे, बाण आणि ओरडणारी माणसं. त्याचा फोन बंद. आप्पा तेव्हा आमच्याकडंच येऊन राहिले होते, दिवसभर बातम्या लावून बसायचे आणि मी आले की टीव्ही बंद करायचे. काकू देव पाण्यात घालून बसली होती. मी लॅबला जात होते, कारण घरी थांबून त्या दोघांची तोंडं बघण्यापेक्षा लोकांचं रक्त बघणं परवडलं.

भर दुपारी, काचपट्टी भिंगाखाली धरलेली असताना, अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मी बोलतोय," तो म्हणाला.

मागं जनरेटरची घरघर होती आणि वारा होता. मोकळ्या माळावर असतो तसा. माझ्या तोंडून एकच प्रश्न आला, त्या वेळी दुसरा सुचणारच नव्हता. "कुठं आहेस?"

तो थांबला. इतक्या वर्षांत माझ्या प्रश्नावर तो कधी थांबला नव्हता.

"मागं आहे गं," तो म्हणाला. "आम्हाला यावेळी मागंच ठेवलंय. रडार तर बंदच आहे. इथं नुसता आराम चाललाय. पत्ते खेळतोय."

त्याला पत्त्यातला बदाम आणि इस्पिक वेगळा ओळखता येत नाही. मागून कुणीतरी जोरात ओरडलं, त्यानं फोनवर हात ठेवला, पण नीट ठेवला नाही. पळणारे बूट ऐकू आले. मग परत त्याचा आवाज, घाईघाईनं, "एसी आहे. जेवण पण चांगलं आहे."

किती वाईट खोटं बोलावं माणसानं! सवयच नाही ना. मला असा राग आला की हातातली काचपट्टी मी टेबलावर आपटली. सगळ्या जगाला खरं सांगत सुटला, आणि आज, मला? ओरडावं असं वाटलं, की सांग मला, नीट सांग, मी विचारलंय. पण पलीकडं त्याचा श्वास ऐकू येत होता. तो वाट बघत होता, मला खरं वाटलं की नाही याची.

"बरं झालं बाई," मी म्हटलं. "मी उगीचच घाबरले होते."